फॉस्टसनं चोवीस वर्षांत केलं काय?

ताई, सादर नमस्कार.

मी एम.ए. (इंग्रजी)च्या शेवटच्या सत्राला आहे. आमचं गाव तालुक्याचं. वडील एसटीत कंडक्टर आहेत, दोन वर्षांनी निवृत्त होतील. आम्हाला मार्लोचं ‘डॉक्टर फॉस्टस’ आहे, चोवीस वर्षांच्या सुखासाठी सैतानाला आत्मा विकणाऱ्या विद्वानाचं नाटक. सरांनी नोट्समध्ये लिहून दिलंय, ‘अमर्याद महत्त्वाकांक्षा हाच फॉस्टसचा दोष आणि तेच त्याच्या पतनाचं कारण.’ सगळ्यांनी उतरवून घेतलं, मीही घेतलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हेच वाक्य मी घरी वेगळ्या शब्दांत रोज ऐकते. काका म्हणतात, पायरी ओळखून राहावं. काका म्हणतात, अति तेथे माती. गावातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा मिळतेय ती घे आणि मग स्थळं बघू, असंही काकाच म्हणतात.

मी नेट पास झालेय, फेलोशिप थोडक्यात हुकली. हैदराबादच्या विद्यापीठातून पीएच.डी.च्या मुलाखतीचं बोलावणं आलंय, पुढच्या महिन्यात. शेक्सपिअर आणि त्याच्या काळातली नाटकं एकोणिसाव्या शतकात मराठीत कशी आली, यावर मला काम करायचंय. हे घरी कुणालाच सांगितलेलं नाही, एका मैत्रिणीला तेवढं माहीत आहे. फॉस्टसचं शेवटचं भाषण वाचताना मला रडू आलं. वाटलं, हा मीच आहे. मोठं काही मागणं हेच पाप असतं का? आणि परीक्षेत मी काय लिहू?

— एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

आधी तुझ्या भीतीबद्दल बोलते, परीक्षेचं नंतर. तू फॉस्टस नाहीस. पण तुला रडू आलं याचा मला आनंद आहे. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमध्ये लिहिलेलं भाषण आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात एका मुलीला रात्रभर जागं ठेवतं, म्हणजे ते भाषणही जिवंत आहे आणि ती मुलगीही वाचते आहे.

मी हे नाटक पुष्कळ वर्षं शिकवलं. सुरुवातीला मीही तुझ्या सरांसारख्याच नोट्स देत असे, जवळपास त्याच शब्दांत. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, “बाई, पण त्यानं त्या चोवीस वर्षांत केलं काय?” मी पुस्तक उघडून सांगायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. सांगण्यासारखं फारसं काही निघेना. त्या तासानंतर मी हे नाटक वेगळं शिकवू लागले. तुलाही मी तोच प्रश्न देणार आहे.

तुझ्या सरांचं म्हणणं खोटं नाही, हे आधी मान्य करू. नाटक सुरू होतं तेच इकॅरसच्या आठवणीनं, मेणाचे पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेलेला आणि पंख वितळून समुद्रात पडलेला तो ग्रीक मुलगा. सूत्रधार सांगतो, हा फॉस्टस साध्या घरात जन्मला, जर्मनीतल्या विटेनबर्गला शिकला, धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला आणि विद्येच्या घमेंडीनं फुगून आपल्या आवाक्याबाहेर उडाला. शेवटी तोच सूत्रधार येऊन शहाण्यांना बजावतो, निषिद्ध गोष्टींकडे लांबून आश्चर्यानं बघावं, हात लावू नये. एवढंच वाचून पुस्तक मिटलं तर सरांची ओळ बरोबर आणि तुझे काकाही बरोबर. काकांचं वाक्य तर पहिल्या एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये जवळपास सरकारी धोरणच होतं. कुणी कुठलं कापड अंगावर घालावं हे माणसाच्या दर्जावरून ठरवणारी फर्मानं राणी पुन्हा पुन्हा काढत असे. प्रत्येकानं आपापल्या पायरीवर राहावं, नाहीतर सगळा डोलारा कोसळेल, हे चर्चमधल्या प्रवचनांतून लोकांच्या कानी पडत असे.

पण हे नाटक लिहिलं कुणी, ते बघ. क्रिस्टोफर मार्लो कँटरबरीत जोडे शिवणाऱ्या एका कारागिराचा मुलगा. जन्म १५६४, शेक्सपिअरच्याच वर्षीचा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून केंब्रिजला जाऊ शकला. १५८७ मध्ये विद्यापीठ त्याला एम.ए. द्यायला का-कू करू लागलं, तेव्हा राणीच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे सल्लागार मंडळानं, कळवलं की या तरुणानं राणीची चांगली सेवा केली आहे, त्याची पदवी अडवू नका. (ही सेवा हेरगिरीची असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात.) त्याच सुमाराला त्याचं ‘टॅम्बरलेन’ लंडनमध्ये गाजलं. त्यात एक मेंढपाळ राज्यांमागून राज्यं जिंकत जातो, हरलेल्या सुलतानाला पिंजऱ्यात कोंडतो, आणि पहिला भाग संपतो तो त्याच्या विजयात आणि लग्नाच्या तयारीत. त्याला कुणी शिक्षा करत नाही. उलट तो म्हणतो, निसर्गानंच आपल्याला वर चढू पाहणारी मनं दिली आहेत. लोकांनी हे इतकं उचलून धरलं की दुसरा भाग लिहावा लागला. पायरी सोडून चढलेल्या माणसाला टाळ्या मिळवून देणारा हा लेखक पुढच्या काही वर्षांत नुसतं ‘पायरी ओळखा’ एवढंच सांगायला दुसरं नाटक लिहील, हे मला पटत नाही.

मार्लो स्वतःही त्या वाक्यातून सुटला नाही. १५९३ च्या मे महिन्यात नास्तिकपणाच्या संशयावरून त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे हजर व्हावं लागलं. त्यानंतर दहाच दिवसांनी, ३० मे रोजी, डेप्टफर्डमधल्या एका घरात जेवणाच्या बिलावरून झालेल्या भांडणात उजव्या डोळ्याच्या वर सुरा लागून तो मेला. वय २९. चार वर्षांनी एका प्युरिटन धर्मोपदेशकानं देवानं केलेल्या न्यायाचं उदाहरण म्हणून ही गोष्ट छापली. मृत्यूच्या चौकशीचा मूळ कागद १९२५ मध्ये उजेडात आला. तोवर किती पिढ्यांनी ‘फार वर गेला म्हणून पडला’ असं म्हणून त्याचा विषय संपवला असेल! माणूस गेला की त्याच्या आयुष्यावर असं वाक्य ठेवून देणं फार सोपं असतं. म्हणून मला त्या वाक्याबद्दल एवढं बोलावंसं वाटतं.

आता पहिला प्रवेश उघड. फॉस्टस अभ्यासिकेत एकटा आहे. एकेक विद्या हातात घेतो आणि बाजूला टाकतो. ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र? नीट वाद घालता येणं एवढंच त्याचं साध्य असेल तर ते मला साधलंय. गेलनचं वैद्यक? माझ्या औषधांनी शहरंच्या शहरं साथीतून वाचली, पण मेलेला उठत नाही. जस्टिनियनचा कायदा? ते पोटार्थी माणसाचं काम. मग तो बायबल उघडतो आणि लॅटिनमधून एक वाक्य वाचतो : पापाचं वेतन मरण आहे. पुढे आणखी एक : आपल्यात पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःला फसवतो. दोन्ही जोडून निष्कर्ष काढतो, पाप अटळ आणि मरणही अटळ, मग हे शास्त्र हवं कशाला? आणि पुस्तक मिटतो.

पहिलं वाक्य रोमकरांस पत्रातलं आहे, सहाव्या अध्यायातलं तेविसावं वचन. त्याचा पुढचा अर्धा भाग असा की देवाचं कृपादान मात्र सार्वकालिक जीवन आहे. दुसरं वाक्य योहानाच्या पहिल्या पत्रातलं. त्याच्या लगेच पुढचं वचन सांगतं की पाप कबूल केलं तर क्षमा मिळते. फॉस्टसनं दोन्ही ठिकाणी अर्धंच वाचलं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये दर रविवारी चर्चला जाणं कायद्यानं सक्तीचं होतं, न गेल्यास १२ पेन्स दंड. समोर बसलेल्या कितीतरी प्रेक्षकांना ही वचनं पाठ असणार. फॉस्टस पुस्तक मिटतो तेव्हा खाली उभ्या असलेल्या कुणा शिकाऊ कारागिराच्याही मनात आलं असेल, अरे, पुढचं वाच की!

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं आपण अडाण्याला लावतो. हा तर त्याच विषयाचा डॉक्टर. त्याला पुढचं वाक्य माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? ते नको होतं, म्हणून डोळा पुढे सरकला नाही. मला या प्रवेशात दिसते ती घाई. प्रत्येक विद्या अर्धी चाखून ‘संपली’ म्हणून टाकून द्यायची घाई. खरंच फार मोठी भूक असलेला माणूस वैद्यकाला असं सोडून देईल का? साथीतून शहर वाचवणं ही त्याला लहान गोष्ट वाटली!

आणि तरीही त्याची स्वप्नं वाच. ती भव्य आहेत, मी ती कधी हसण्यावारी नेली नाहीत. भुतं इंडियाला उडत जाऊन सोनं आणतील. (‘इंडिया’ हा शब्द तेव्हा आपल्या बाजूच्या देशांनाही लावत आणि अमेरिकेलाही.) समुद्र उपसून मोती आणतील. आपल्याला नवनवी तत्त्वज्ञानं वाचून दाखवतील, परक्या राजांची गुपितं सांगतील. सगळ्या जर्मनीभोवती पितळेची भिंत बांधू. विद्यापीठातल्या मुलांना रेशमी कपडे देऊ. हे शेवटचं मला फार आवडतं. साधे कपडे घालायचा नियम सोसलेल्या गरीब घरच्या विद्यार्थ्याच्याच मनात ते येईल. पाऱ्माच्या राजपुत्राला देशाबाहेर हाकलू. यात स्वार्थ आहे तसं देशाचं आणि विद्यार्थ्यांचंही काही आहे. आकाशाला गवसणी घालायची म्हणतात ती ही.

मग करार होतो. रक्तानं लिहायला घेतो तर रक्त गोठतं. सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस निखारे आणून ते पातळ करतो. सही झाल्यावर दंडावर अक्षरं उमटतात, ‘माणसा, पळ.’ त्याआधी खुद्द मेफिस्टोफिलिसनं सांगितलेलं असतं की मी तुझ्या मंत्रानं आलेलो नाही, देवाला नाकारणारा कुणी दिसला की आम्ही आपणहून येतो. मग तू नरकाबाहेर कसा, असं विचारल्यावर तो म्हणतो, हाच नरक, मी त्यातून बाहेर आहे कुठे? सैतानाचा दूत विनवतो आहे की असले प्रश्न सोड, माझा जीव घाबरा होतो. आणि फॉस्टस त्याला धीर धरायला शिकवतो!

आता तो मुलाचा प्रश्न. चोवीस वर्षांत केलं काय?

आधी त्यानं विश्वाबद्दल विचारलं. ग्रह किती, गोल किती, कसे फिरतात. मेफिस्टोफिलिसनं उत्तरं दिली ती पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली. फॉस्टस स्वतःच चिडून म्हणतो, हे तर माझा नोकर वॅग्नरही सांगेल. मग तो खरा प्रश्न विचारतो, हे जग कुणी केलं? उत्तर : सांगणार नाही. म्हणजे ज्या ज्ञानासाठी आत्मा विकला ते दुकानात नव्हतंच. बायको मागितली, तीही मिळाली नाही. लग्न म्हणजे नुसता विधी, असं म्हणून तो विषय उडवला गेला. पुढे रोमला जाऊन अदृश्य रूपात पोपच्या हातातली ताटं पळवली आणि त्याच्या कानाखाली वाजवली. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारात सिकंदराची सावली दाखवली, टोमणा मारणाऱ्या एका सरदाराच्या डोक्यावर शिंगं उगवली. एका घोडेविक्याला घोडा विकला, जो पाण्यात शिरताच गवताची पेंढी झाला.

आणि व्हॅनहोल्टच्या गरोदर डचेसला डोहाळे लागले म्हणून जानेवारीत द्राक्षं आणून दिली. ती विचारते, एवढ्या थंडीत ही कुठून आणलीत? फॉस्टस समजावतो, इथं हिवाळा असतो तेव्हा जगाच्या दुसऱ्या बाजूला उन्हाळा असतो, इंडियासारख्या पूर्वेच्या देशांत, तिथून माझ्या भुतानं आणली. (भूगोल पक्का नाही, पण नाशिकला जानेवारीत द्राक्षं निघू लागतात हे आपल्याला ठाऊक आहे.) बघ, नाटकात इंडिया दोनदा येतो. पहिल्यांदा तिथून सोनं यायचं असतं, शेवटी येतो द्राक्षांचा घड. त्या दोन उल्लेखांच्या मधे फॉस्टसचं सगळं पतन आहे. जर्मनीभोवतीची भिंत कुठे गेली? मुलांचं रेशीम कुठे गेलं? त्याला कुणी अडवलं नव्हतं. तो स्वतःच विसरला. मोठमोठ्या लोकांच्या घरी करमणूक करणं, त्यांची शाबासकी आणि बिदागी घेणं, यात वर्षं गेली.

म्हणून मी म्हणते, त्याची इच्छा फार मोठी होती हे त्याचं दुखणं नव्हतं. ती दरवर्षी लहान होत गेली आणि त्याला ते कळलं नाही. कधी कळू लागलंच तर तो लगेच नवा तमाशा मागायचा. पश्चात्तापाचा विचार मनात आला की सात पापांची मिरवणूक बघायची. एक म्हातारा येऊन कळवळून सांगतो, अजून मागे फीर, तेव्हा काही क्षण तो हलतो. मेफिस्टोफिलिस दटावतो. लगेच हा पुन्हा रक्तानं तोच करार लिहितो आणि म्हणतो, त्या म्हाताऱ्याचा छळ कर. त्याच दमात ट्रॉयच्या युद्धाला कारण झालेली लावण्यवती हेलन मागतो. हजार जहाजं समुद्रात उतरवणारा चेहरा तो हाच का, ही ओळ सगळ्यांना पाठ असते. पण ती कधी म्हटली जाते ते फारसं कुणी सांगत नाही. आपल्या भल्यासाठी बोलणाऱ्या एकमेव माणसावर राक्षस सोडल्यानंतर.

या नाटकाच्या दोन जुन्या छापील प्रती आहेत, एक १६०४ ची, दुसरी १६१६ ची, दोन्ही मार्लोच्या मृत्यूनंतरच्या. देवदूत म्हणतो, अजून उशीर झालेला नाही. पहिल्या प्रतीत पुढे आहे, ‘फॉस्टसला पश्चात्ताप करता आला तर’. दुसरीत आहे, ‘फॉस्टसनं पश्चात्ताप करायचं ठरवलं तर’. एका क्रियापदाचा फरक! मागे फिरायची शक्ती त्याच्यात उरलेली नव्हती, की होती आणि त्यानं वापरली नाही? माणसाचा उद्धार आधीच ठरलेला असतो की नाही, यावर त्या काळी विद्वान एकमेकांवर तुटून पडत. मी कुठल्या प्रतीच्या बाजूची, विचारशील तर पहिल्या. रोज थोडं थोडं टाळत गेलेल्या माणसाला एके दिवशी खरंच येईनासं होतं, हे मी आयुष्यात पाहिलं आहे.

आता ज्या जागेसाठी मी हे सगळं लिहिते आहे तिथे येते. शेवटची रात्र. विटेनबर्गचे त्याचे जुने सोबती, विद्वान मंडळी, खोलीत आहेत. त्यांना वाटतं अजीर्ण झालं असेल, फार एकटं राहिल्यामुळे तब्येत बिघडली असेल, वैद्य बोलवू. फॉस्टस पहिल्यांदाच सांगतो, चोवीस वर्षांच्या सुखासाठी मी आत्मा दिला, आज मुदत संपली. त्यातला एक विचारतो, हे आधी का नाही सांगितलंस? धर्मगुरूंनी तुझ्यासाठी प्रार्थना तरी केली असती. फॉस्टस म्हणतो, पुष्कळदा मनात आलं, पण देवाचं नाव घेतलंस तर फाडून टाकीन अशी सैतानाची धमकी होती. एक जण म्हणतो, मी इथेच थांबतो तुझ्याबरोबर. तेव्हा हा त्यांना शेजारच्या खोलीत पाठवतो, कितीही आवाज आले तरी येऊ नका, माझ्याबरोबर तुमचाही नाश होईल. सगळ्या नाटकात मला फॉस्टस इथं सगळ्यात जास्त आवडतो. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणाची काळजी करतो. मैत्री शेजारच्या खोलीइतकी जवळ होती, सगळी वर्षं.

मग घड्याळात अकरा वाजतात. तू रडलीस ते भाषण मोजून वाच. अर्धा तास झाल्याचा टोला पडेपर्यंत तीसेक ओळी आहेत. उरलेला अर्धा तास वीसेक ओळींतच संपतो. वेळ हातातून कशी निसटते ते मार्लोनं ओळींतच बांधलं आहे. त्यात तो ओव्हिडची एक लॅटिन ओळ म्हणतो, रात्रीच्या घोड्यांनो, हळू हळू धावा. मूळ कवितेत ती प्रियकराची ओळ आहे, प्रेयसीच्या मिठीतून उठावं लागू नये म्हणून म्हटलेली. मार्लोनं त्या कवितांचं इंग्रजी भाषांतर केलं होतं, आणि १५९९ मध्ये बिशपांच्या हुकमानं ते पुस्तक जाळलं गेलं. फॉस्टसच्याही अखेरच्या ओळीत आहे, मी माझी पुस्तकं जाळीन. त्याआधी तो काय मागतो बघ. मला पशू करा, म्हणजे आत्माच उरणार नाही. हे जिवा, पाण्याचे थेंब होऊन समुद्रात पड, कुणाला सापडू नकोस. पहिल्या प्रवेशात चांगला मांत्रिक म्हणजे देवच, असं म्हणणारा माणूस शेवटी एक थेंब व्हायला तयार आहे. एडवर्ड ॲलन हा नट छातीवर क्रॉस लावून ही भूमिका करत असे. १५९४ च्या सप्टेंबरातल्या एका प्रयोगाची नोंद रोझ नाट्यगृहाचा मालक हेन्स्लो याच्या हिशेबाच्या वहीत आहे, आणि पुढची तीन वर्षं हे नाटक तिथे पुन्हा पुन्हा लागत राहिलं. लोक धडा घ्यायला एवढ्या वेळा येत असतील असं मला वाटत नाही. ते या तासासाठी येत असणार.

तर परीक्षेचं. सरांची ओळ पहिल्या परिच्छेदात लिही, आदरानं, आणि ती सूत्रधाराच्या तोंडची आहे हे दाखव. मग विचार की मधलं नाटक तेच सांगतं का? अर्धी वाचलेली वचनं, इंडियाचं सोनं आणि द्राक्षं, दोन प्रतींतलं ते क्रियापद, हे तुझे पुरावे. शोकांतिकेतल्या नायकाच्या चुकीसाठी ॲरिस्टॉटलनं वापरलेल्या ‘हमार्शिया’ या शब्दाचं भाषांतर ‘स्वभावदोष’ असं करून मोकळी होऊ नकोस. त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकणं आहे. बाण सोडणंच चूक, असा त्याचा अर्थ होत नाही. मतभेद पुराव्यासह मांडलास तर बहुतेक परीक्षकांना आनंदच होतो.

आणि घरचं. तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. त्यात काका तीनदा बोलतात. वडील एकदाही बोलत नाहीत. ते कंडक्टर आहेत आणि दोन वर्षांनी निवृत्त होणार, एवढंच त्यांच्याबद्दल कळतं. ते काय म्हणतात? तुला माहीत नाही, कारण तू त्यांना विचारलेलंच नाहीस. त्यांच्या वतीनं तू काकांचं उत्तर धरून चालली आहेस. हेही अर्धंच वाचणं झालं, बाळा. तुझ्यात आणि फॉस्टसमध्ये मला साम्य दिसलं ते एवढंच, आणि तुझं मागणं मोठं आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तू ते शेजारच्या खोलीत सांगितलेलं नाहीस.

तुझा विषय वाचून मला आगरकर आठवले, तुलाही आठवले असतीलच. त्यांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. देवलांचं ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून आलं. पण आगरकरांचं मी सांगते ते नाटकाबाहेरचं. टेंभूसारख्या खेड्यातला, गरिबीत शिकलेला हा मुलगा. एम.ए. होताना त्यानं आईला पत्र लिहून स्वच्छ सांगून टाकलं की मुलगा मोठ्या पगाराला लागेल अशी आशा धरू नकोस, मी पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामाला देणार. आईला किती वाईट वाटलं असेल! तरी त्यानं आधी सांगितलं. तुझं सांगणं तर त्याहून पुष्कळ सोपं आहे.

पैशांचंही बोल वडिलांशी, लपवू नकोस. नुसती नेट आहे म्हणजे दरवाजे बंद झाले असं नाही. केंद्रीय विद्यापीठांत फेलोशिप नसलेल्या पीएच.डी.च्या मुलांना दरमहा ८,००० रुपयांची मदत असते. त्यात हैदराबादला काटकसरीनं भागवावं लागेल, हे खरंच सांग. जेआरएफसाठी, म्हणजे तुझी हुकली त्या फेलोशिपसाठी, पुन्हा बसता येतं, वयाच्या अटीत मुलींना सवलत आहे. मुलाखतीला जाशील तेव्हा वसतिगृहाचं आणि मदतीचं नीट विचारून घे, आणि नियमांचा कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाच. तासिका तत्त्वावरची जागा वाईट नाही. कुणाला ती मनापासून हवी असेल तर मी तिला घे म्हणेन. तू ती भीतीनं घेऊ नकोस. वडील ‘नको’ म्हणाले तर का नको ते ऐक, त्यांच्या मनात निवृत्तीनंतरच्या घरखर्चाचा घोर असेल, त्यावर दोघं मिळून काही निघतं का बघा. तेव्हाही मला लिही, मी उत्तर देईन.

त्यांची ड्युटी नसेल असा दिवस बघ. काका घरी नसतील अशी वेळ बघ. मुलाखतीचं पत्र छापून त्यांच्या हातात दे आणि ते वाचेपर्यंत थांब. सुरुवात कशी करू असं वाटलं तर हैदराबादला कुठून आणि कुठल्या गाडीनं जावं, एवढंच विचार. इतकी वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला ते तुझ्यापेक्षा नक्की जास्त माहीत असेल.

तुझी,
ताई